डाव्या हाताचा माऊस

दुपारचं जेवण भरवून झालं, तोंड पुसून झालं, उशी हवी तशी सारखी करून झाली, की बाबा उजवा हात पलंगाच्या कडेबाहेर काढून पंजा उघडायचे. त्या पंजात ताईनं आपला उजवा हात ठेवायचा. पंजा मिटला की बाबांचे डोळे मिटत. मध्येच हात काढून घेतला तर बाबा जागे होत आणि नुसते जागे होत नसत, घाबरून ओरडत. शेजारच्या घरातली माणसं जिन्यात येऊन उभी राहत.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आयुष्यभर त्यांनी दोर, चाकं, नटबोल्ट यांच्याशी झोंबी केली होती. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांची डावी बाजू नेली, बोलणं नेलं. 'नको', 'थांब', 'हां' आणि एक अस्सल शिवी एवढंच शिल्लक ठेवलं. उजव्या हाताला मात्र धक्का लागला नाही. सगळ्या अंगातली ताकद जणू त्या एका पंजात राहायला आली होती. डॉक्टर म्हणाले होते, भीती बसली आहे मनात, हळूहळू जाईल. भीती काही गेली नाही. डॉक्टरांचीच बदली झाली.

ताईनं सगळे उपाय करून पाहिले. सकाळी बाबांना आंघोळ घालायला येणाऱ्या मावशींचा हात देऊन पाहिला. बाबांनी तो चाचपला आणि झिडकारला. हातमोज्यात कापूस भरून दिला, तो खिडकीबाहेर गेला. शेवटी ताईनं उपाय थांबवले. जेवणानंतर चहाच्या वेळेपर्यंत ती पलंगाला बांधल्यासारखी खुर्चीत बसू लागली. नाक खाजलं तरी डाव्या हातानं, पान उलटायचं तरी डाव्या हातानं.

चाळिशी ओलांडलेली, अविवाहित, कामाला वाघ अशी तिची ख्याती. ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायची. परक्यांच्या घरात खिडकी कुठे आणि दार कोणत्या बाजूला उघडणार, हे तिच्या बोटांवर ठरायचं. बाबा पडले तेव्हा तिनं रजा घेतली. मग अर्धा दिवस काम, मग घरून काम, मग ऑफिसचे फोन आपसूक कमी होत गेले आणि बंद पडले. कुणी तिला काढलं नाही, तिनंही सोडलं नाही. तिची खुर्ची तिकडून उठून इकडे आली, इतकंच.

धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात होता, बायको आणि मुलासह. रविवारी त्याचा फोन यायचा. "ताई, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत," असं तो दर वेळी म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा. ताईला मात्र ते वाक्य ऐकताना बाहेरून कुणीतरी कडी घालतंय असं वाटायचं.

घरात जुना कॉम्प्युटर होता. त्याचं टेबल तिनं पलंगाच्या उशाशी ओढून घेतलं. बाबा डोळे उघडले की आधी तिचा चेहरा शोधायचे, त्यामुळे तिला त्यांच्या डोक्याकडे तोंड करून बसणं भाग होतं. तसं बसलं की उजवा हात बाबांकडे जायचा आणि डावा टेबलाकडे. पडद्याची पाठ बाबांकडे असायची. त्यावर काय चाललंय हे त्यांना दिसत नसे आणि तिला तेच हवं होतं. पत्ते मांडून कंटाळा आला तेव्हा तिनं एक खेळ उतरवून घेतला. चार जणांनी मिळून एक किल्ला राखायचा, समोरून फौज येते. खेळणारे चौघे चार ठिकाणांहून आपापल्या घरातून जोडलेले असतात.

अशा खेळात एका हातानं कीबोर्डवरची बटणं दाबून चालायचं आणि दुसऱ्या हातानं माऊस फिरवून नेम धरायचा असतो. ताईकडे हात एकच होता. म्हणून ती खेळ सुरू होताच माऊसनं करता येईल तेवढं करायची. चौघा पहारेकऱ्यांना बुरुजावर उभं करूनच खेळ सुरू होत असे. ती तिथेच राहायची आणि बाण मारायची. नेम मात्र असा की, समोरचा तटबंदीवरून डोकं वर काढायची हिंमत करत नसे. नकाशातली रेघ केसाइतकी हलली तरी जिच्या डोळ्यांना खुपायची, तिला हे जड नव्हतं. बाकीच्या तिघांनी तिचं नाव 'बुरूज' ठेवलं. ती कधी खाली उतरत नाही, हा तिचा हट्ट आहे असंच त्यांना वाटायचं.

त्यांचा म्होरक्या होता 'मास्तर'. खराच मास्तर होता की काय कोण जाणे, पण आवाज तसा होता, शांत आणि जरासा घोगरा. ताई एका कानात हेडफोन घालून तो ऐकायची. बोलायची मात्र नाही, बाबा जागे होतील म्हणून. 'हो' म्हणायचं तर माइकवर नखानं एक टिचकी, 'नाही' म्हणायचं तर दोन. मास्तरनं एकदा बाकीच्यांना बजावलं की बुरूजला बोलता येत नसावं, उगीच छळू नका. ताईला हसू आलं आणि हसण्यानं हात हलेल म्हणून तिनं तेही गिळलं.

मग माऊसनं दगा दिला. ऑफिसच्या काळातला साधा माऊस तो, दोन बटणं आणि मधलं चाक. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं व्हायला लागलं. बाण आपोआप सुटायचे, नेम धरण्याआधीच. एका दुपारी फौज दारापाशी असताना बटण रुतून बसलं. तिच्या बाजूनं फौज आत शिरली आणि किल्ला पडला. तिला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. मास्तर म्हणाला, "बुरूज, खेळाचा माऊस घे एक. अंगठ्याजवळ बटणं असलेला. त्यानं चालतासुद्धा येतं."

म्हणजे त्यानं ओळखलं होतं. ती हट्टानं वर राहत नाही, तिला उतरता येत नाही, हे त्याला कळलं होतं आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं. ताईनं एक टिचकी दिली. बोट जरा जोरातच आपटलं.

दुसऱ्या दिवशी मावशींना थांबवून ती बाजारात गेली. कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान अरुंद होतं, एका माणसानं दुसऱ्याला वाट द्यायची तर पोट आत घ्यावं लागेल असं. दुकानदारानं काचेखालून चार-पाच माऊस काढून मांडले. एकातून निळा उजेड येत होता, एकाला कासवासारखी पाठ होती.

"मुलासाठी बघताय का?" त्यानं विचारलं.

"माझ्यासाठी," ताई म्हणाली. "डाव्या हाताचा हवाय. अंगठ्याला बटणं हवीत. आणि आवाज नको."

दुकानदारानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माऊसांकडे. माणूस भला होता, हसला नाही. पण तिन्ही गोष्टी एकात सापडणं कठीण आहे असं त्यानं सांगितलं. ताईनं एकेक हातात धरून पाहिला आणि तिला पटलं. सगळे उजव्या हाताच्या मापानं घडवलेले. अंगठ्यासाठी खाच असायची तिथे तिची करंगळी यायची, आणि बटणं करंगळीखाली. उजव्या पायातला बूट डाव्यात घातल्यासारखं वाटत होतं. एक माऊस दोन्ही बाजूंनी सारखा होता, दोन्हीकडे बटणंही होती, पण त्याचं बटण दाबलं की कुणी सुपारी फोडतंय असं वाटावं. एक अगदी मुका होता, दाबल्याचं कळतसुद्धा नव्हतं, पण त्याला बाजूची बटणंच नव्हती.

पंजा पूर्ण टेकवून धरता की नुसत्या बोटांच्या टोकांनी, असं दुकानदारानं विचारलं. आपण कसं धरतो हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ती काउंटरवर हात ठेवून बघू लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला तिच्या हाताबद्दल विचारत होतं, आणि तेही तिच्या कुठल्याच हातात दुसऱ्याचा हात नसताना. तिला तिथून हलावंसं वाटेना.

तेवढ्यात फोन वाजला. मावशी बोलत होत्या आणि त्यांच्या मागून बाबांचं ओरडणं ऐकू येत होतं. ताई तशीच निघाली. काउंटरवर मांडलेल्या माऊसांपैकी एकही न घेता.

घरी आली तर बाबा घामानं भिजलेले. तिनं हात दिला, ते शांत झाले. मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या की त्यांच्यानं हे पुन्हा होणार नाही. ताईनं मान हलवली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. तिच्यावर पाण्याचा पाइप होता, तो तिला पाठ झाला होता.

रविवारी धाकट्याचा फोन आला तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं की तिला खेळायला एक चांगला माऊस हवाय. डाव्या हाताचा, हे सांगायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही. ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि धाकटा घाईत होता. तो खूश झाला. ताईनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. "बघ, तुलाही विरंगुळा पाहिजेच की," तो म्हणाला. आठवडा व्हायच्या आत पार्सल आलं. सगळ्यात उत्तम, सगळ्यांनी वाखाणलेला, बोटानं ढकलला तर टेबलाच्या टोकापर्यंत जाईल इतका हलका, अंगठ्याजवळ बटणांची रांग, आवाज जवळपास नाहीच. आणि पुरता उजव्या हाताचा.

तो माऊस कपाटावर पडून राहिला. ताई त्याच्याकडे बघायची आणि तिला धाकट्याचा राग यायचा, मग रागाची लाज वाटायची. तो इथे येऊन एक दुपार बसला असता, तर कोणता हात मोकळा आहे हे त्याला न सांगता दिसलं असतं.

मग एका दुपारी बाबा झोपण्याआधीच तिनं टेबल ओढत पायथ्याकडे नेलं आणि खुर्ची फिरवली. आता बाबांच्या डोक्याकडे तिची पाठ झाली. तिनं डावा हात मागे करून बाबांना दिला. बाबांनी तो उलटसुलट चाचपला. बोटं तीच आहेत, पण काहीतरी बदललंय, असं त्यांना वाटलं असावं. "थांब," ते म्हणाले. ती थांबली. थोड्या वेळानं पंजा मिटला.

उजव्या हातात धाकट्यानं पाठवलेला माऊस. तिनं अंगठा पहिल्या बटणावर ठेवून दाबला आणि बुरूज पुढे सरकला. जिना आला. ती एकेक पायरी उतरली. किल्ल्यात विहीर होती, घोड्यांची पागा होती, चिंचोळ्या गल्ल्या होत्या. हे सगळं तिनं वरून पाहिलं होतं. ते आतून कसं दिसतं याची तिला कल्पना नव्हती. एका गल्लीत मास्तर उभा होता. तो पाहतच राहिला.

"बुरूज, तू खाली कसा आलास?"

ताईच्या तोंडून आवाज फुटला. "चालत आले."

मास्तर म्हणाला, "तुम्ही बोलता?" आणि पाठोपाठ स्वतःच म्हणाला, "असू द्या. माझ्या मागे या, पागेत दोघे शिरलेत."

ती त्याच्या मागे धावली. धावली म्हणजे अंगठा दाबून धरला, पण तिच्या पायांची बोटं वळली. पागेतले दोघे तिनं टिपले. गल्लीच्या टोकाला मार खाल्ला, पुन्हा उठली. खेळ संपेपर्यंत ती एकदाही वर गेली नाही.

संपल्यावर तिच्या लक्षात आलं की डाव्या हातावरची पकड झोपलेल्या माणसाची नाही. तिनं वळून पाहिलं. बाबा जागे होते. उशीवरून मान उचलून ते पडद्याकडे बघत होते. कधीपासून बघत होते कोण जाणे. "हां," ते म्हणाले, आणि पडद्याकडे हनुवटी केली. आणखी हवं होतं त्यांना.

ताईला आधी बरं वाटलं. बाबांच्या तोंडावर किती तरी काळानं काही उमटलं होतं. पण त्या दिवसापासून बाबांनी दुपारची झोप सोडली. जेवणाचा शेवटचा घास तोंडात असतानाच हनुवटी पडद्याकडे जायची. खेळ लावला की घडी घडी हात दाबायचे. शत्रू डावीकडून आला की दाबायचे, तिनं उशीर केला की दाबायचे, हरली तर ती अस्सल शिवी. कंटाळा आला की "नको" आणि खेळ बंद. आवडला की "थांब" आणि उठायचं नाही. मास्तर एकदा म्हणाला की हल्ली तुमचं लक्ष दिसत नाही. ते खरं होतं. पाठीवर सतत दोन डोळे असताना नेम लागत नव्हता.

तिच्याकडे दिवसातली तेवढीच वेळ होती, बाबा झोपलेले आणि पडदा तिच्या एकटीचा असा. हात अडकलेला असला तरी ती तिथे नसायची. आता तिथेही बाबा आले होते. ती चालायला शिकली आणि जायला जागा उरली नाही.

एका दुपारी तिनं खेळ लावलाच नाही. बाबांनी हनुवटी केली. तिनं नाही म्हणून मान हलवली. बाबांनी हात दाबला, मग इतका आवळला की बोटांची हाडं एकमेकांना लागली.

"बाबा, दुखतंय," ती म्हणाली. पकड सुटली नाही. मग ती आवाज न चढवता बोलली, पण बोलली. "मी इथेच आहे. कुठे जाणार आहे मी? पण एवढं एक माझं होतं. तेही तुम्हाला हवंय का?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना किती समजलं हे कळायला मार्ग नव्हता. पकड जराशी सैलावली, सुटली नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण ते हल्ली केव्हाही यायचं. ताईनं त्यातून काही अर्थ काढला नाही. तिनं डाव्या हाताला धरलेले बाबा तसेच ठेवून उजव्या हातानं धाकट्याला फोन लावला. रविवार नसताना.

"तू ये," ती म्हणाली. "चार दिवस ये. एकटा ये."

धाकट्यानं विचारलं, बाबा बरे आहेत ना. ती म्हणाली, बाबा बरे आहेत. मग काय झालं, असं त्यानं विचारलं.

"मला बाजारात जायचंय."

तो हसला. ती हसत नाहीये हे कळल्यावर थांबला. सुट्टी मिळणं कठीण आहे, मुलाची परीक्षा जवळ आली आहे, असं सगळं सांगून झालं. ताईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी निर्धास्त आहे असं मला एकदा म्हणायचंय. ये."

तो आला. तिनं टेबल पुन्हा उशाशी नेऊन ठेवलं होतं, पडद्याची पाठ बाबांकडे करून. धाकट्याला खुर्चीत बसवलं, तोंड कुठे करायचं ते दाखवलं. बाबांनी त्याचा पंजा चाचपला आणि झिडकारला. त्यानं पुन्हा दिला. पुन्हा झिडकारला. धाकटा ताईकडे बघू लागला. "देत राहा," ती म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली. जिन्यात तिला बाबांचं ओरडणं ऐकू आलं. पाय थबकले. कठड्याला धरून ती उभी राहिली, मग उतरली.

दुकानदारानं तिला ओळखलं. या वेळी तिनं त्याला स्टूल मागितलं. सगळे माऊस पुन्हा बाहेर आले. पंजा टेकवून पाहिला, बोटांच्या टोकांनी धरून पाहिले, हवेत उचलून पाहिले. ती बोटांची टोकंच वापरते हे तिला कळलं. नकाशे काढतानाही तसंच असणार. दुकानदारानं काउंटरवरच्या कॉम्प्युटरला एकेक जोडून दिला.

फोन वाजला. धाकटा दबक्या आवाजात बोलत होता. बाबा शांत झाले होते, पण हात सोडत नव्हते. त्याला बाथरूमला जायचं होतं आणि पाठ भरून आली होती. "ताई, तू हे रोज कसं करतेस?" त्यानं विचारलं. मग तिनं काही सांगायच्या आत, "केव्हा येतेस?"

"वेळ लागेल," ताई म्हणाली. "मी माऊस निवडतेय."

तिनं दोन्ही बाजूंनी सारखा असलेला घेतला. आवाज करणारा, सुपारी फोडल्यासारखा. आवाज न करणारी बटणं बसवून देऊ का, असं दुकानदारानं विचारलं. ओळखीचा कारागीर होता त्याच्याकडे. तिनं थोडा विचार केला. दाबलं की दाबल्याचं कळायला हवं, असं ती म्हणाली, आणि तो तसाच घेतला. परत जाताना ती लांबच्या रस्त्यानं गेली. त्या रस्त्यावर नवी इमारत उठत होती. तिला बांबूंची परांची बांधलेली होती, खिडक्यांची भोकं दिसत होती. एक खिडकी चुकीच्या भिंतीत आहे असं तिला वाटलं. ती तिथे बराच वेळ उभी राहिली.

धाकटा चार दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी बाबा त्याच्या हातात झोपले. ताई शेजारच्या खोलीत आडवी पडली होती, तिला झोप लागली नाही. जाताना त्यानं 'निर्धास्त' हा शब्द उच्चारला नाही. दर महिन्याला चार दिवस येईन म्हणाला. पुढच्या महिन्यात आला, त्याच्या पुढच्या महिन्यात जमलं नाही, नंतर पुन्हा आला. ताईनं जुन्या ऑफिसात फोन केला तेव्हा त्यांनी तिच्या जागी दुसरी मुलगी असल्याचं सांगितलं, पण अधूनमधून घरी करण्याजोगे नकाशे देऊ म्हणाले.

बाकीच्या दुपारी खुर्ची तीच आहे. सकाळी मावशी गेल्यावर पडदा बाबांचा असतो. ते बघतात, शिव्या देतात, हात दाबतात. जेवणानंतर ताई पडदा आपल्याकडे फिरवते. पहिले काही दिवस बाबा रुसले, हनुवटी करून करून दमले, मग हळूहळू झोपायला लागले. माऊसचा आवाज झाला की पापण्या हलतात. कधी डोळे उघडतात. ताई म्हणते, "झोपा, मी आहे." कधी झोपतात, कधी नाही.

डाव्या अंगठ्याला चालणं अजून जमत नाही. जिन्याच्या वळणावर ती हमखास भिंतीला धडकते आणि खालून येणारा तिला लोळवतो. मास्तर म्हणतो, थोडे दिवस वरच थांबा, हात बसू दे. ती ऐकत नाही. किल्ला नव्यानं उभा राहतो, ती बुरुजावर असते, आणि फौज यायच्या आतच अंगठा चाचपडत पुढच्या बटणावर जातो.